मोशीच्या क्लबहाऊसमधला लशीचा डबा

मी लशी वाहून नेणारा एक जुना निळा डबा आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू एरवी मऊ बोलतात. मला ते जमणार नाही. मी चिडलेलो आहे आणि रागातच सांगणार आहे.

प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात बर्फाच्या पट्ट्या, मध्ये लशीच्या बाटल्या आणि वर घट्ट झाकण, एवढाच माझा संसार. नर्स जयमालाताई मला खांद्याला अडकवून स्कूटीवरून हिंडायच्या. आकुर्डीच्या चाळींत, चाकणजवळच्या वाड्यांत लोक आमची वाट पाहायचे. मला बघून बाळं भोकाड पसरायची आणि त्यांच्या आया ताईंना चहा पाजायच्या. फार छान दिवस होते ते.

मग मोशीच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर महिन्याला आमचं शिबिर भरू लागलं. तिथे निमिष राहायचा. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटी बघायचा. शेजारच्या तान्ह्या शार्दूलला लस घेतल्यावर ताप आला. असा ताप येतो आणि उतरतो, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं. तो उतरलाही. पण निमिषने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "कंपनीत एक पीस खराब निघाला की आम्ही अख्खा लॉट होल्ड करतो. इथेही तेच करू या." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

अरे शहाण्या, कंपनीत लॉट थांबवल्यावर तू कारण शोधतोस, मापं घेतोस. इथे काय तपासलंस? पुढच्या शिबिराला सोसायटीतलं एकही बाळ आलं नाही. त्याची दहा महिन्यांची इराही नाही.

आली फक्त तेजल. ती निमिषच्या घरी कामाला यायची आणि पाच महिन्यांच्या ऋतिकला सोबत आणायची, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं.

"ताई, याला बी गोवरची सुई द्या की," ती म्हणाली.

ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, असं ताईंनी तिला समजावलं. विश्वास ठेवणारी ती एकटीच, आणि नेमकी तिच्याच बाळाला लस देता येत नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

काही दिवसांत इराला गोवर झाला. ती बरी होऊन खेळू लागली. तिच्याकडून तो ऋतिकला लागला आणि त्याचा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी शर्थ केली, पण तेजल दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी गेली.

त्यानंतरच्या शिबिराला क्लबहाऊस गच्च भरलं. इराला घेऊन निमिष सगळ्यांत पुढे होता. त्याने हळूच विचारलं, आमची इरा तर बरी झाली, मग ऋतिकच कसा गेला?

ताई सिरिंज भरता भरता थांबल्या. "एवढ्या लहान बाळाला ही लस नसते, साहेब. मोठ्या बाळांनी घेतली, तर रोग त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो तुमच्या भरवशावर होता."

निमिषने मान खाली घातली. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

मित्रांनो, शंका आली तर विचारा. ताईंना विचारा, डॉक्टरांना विचारा, हवं तितक्या वेळा विचारा. त्याचा मला राग नाही. कुणालाही न विचारता ग्रुपवर निकाल लावून मोकळे होता, त्याचा आहे.

या महिन्यात ऋतिकला नऊ महिने पूर्ण झाले असते. आज शिबिर आहे, बर्फ भरलेला आहे, त्याच्या वाटणीची लसही माझ्या पोटात आहे.