चोवीस थर, तेवीस फिल्म

कारखान्यातल्या मास्तरांची खुर्ची मिळाली की वहिनीला तीन गोष्टी मिळणार होत्या: गुडघ्यांना विसावा, कागदावर शेवटची सही आणि नणंदेवर हुकूम चालवायचा हक्क. तिसरीची गोडी जरा जास्तच. आजची फळी बिनबोभाट भट्टीत गेली की खुर्ची तिची, असं निवृत्तीला टेकलेल्या मास्तरांनी कबूल केलं होतं.

फळी विमानात बसणाऱ्यांच्या पायाखालची. राळेत भिजलेल्या कार्बनच्या कापडाचे चोवीस थर एकावर एक. खालचे बारा वहिनीने लावलेले, वरचे बारा नणंदेने. प्रत्येक थराच्या पाठीवरची पातळ फिल्म सोलून पेटीत टाकायची आणि भट्टीआधी सगळ्या मोजायच्या. एखादी आत राहिली तर तिथे थर एकमेकांना धरत नाहीत. फळी वरून धडधाकट, आतून सुटलेली.

फिल्म भरल्या तेवीस.

तिसऱ्यांदा मोजल्या तरी तेवीसच. पेटीखाली, टेबलाखाली, चपलांच्या तळव्यांना, कुठेच नाही. भट्टी तापत आली होती. मास्तरांचं म्हणणं, पंख्याने उडाली असेल, सही कर आणि मोकळी हो.

वहिनीने पेन खाली ठेवलं आणि नणंदेकडे पाहिलं. "हात कामात, जीव फोनमध्ये. दुसरं काय होणार, वन्सं?"



दाबून बसवलेले थर सोलायचे म्हणजे कापड ताणणार, फळी वाया जाणार. तरी वहिनीने सोलायला घेतलं. वरून पहिला निघाला, स्वच्छ. चौथा. नववा. नणंदेचे बाराच्या बारा थर निर्दोष सुटले. पुढचे वहिनीचे होते.

मास्तर हळूच म्हणाले, "फळी तर गेलीच. फिल्म सापडली नाही असं लिहू. कोणाचंच नाव नको."

खुर्ची अजून हाताशी होती. वहिनीचा हात थबकला.

तेव्हा नणंद बोलली. "वहिनी, इथे थांबलीस तर जन्मभर मलाच म्हणशील."

वहिनी थांबली नाही. फिल्म निघाली अगदी तळाशी, खालून पहिल्या आणि दुसऱ्या थराच्या मध्ये, सुरकुतीसुद्धा न पडलेली. तिने कागदावर थराचा आकडा लिहिला आणि पुढे स्वतःचं नाव.

फळीची किंमत कारखान्याने भरली. खुर्चीत नणंद बसली. गुडघे वहिनीचे दुखत राहिले.