दाराचं सर्किट

नवऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी हेच काम फुकट करते. तो सर्किट लिहितो आणि खरी चिप बनायच्या आधी मी ते कॉम्प्युटरवर तपासते. माझ्या तपासणीच्या प्रोग्रामला टेस्टबेंच म्हणतात. तो सर्किटला खोटे खोटे सिग्नल देतो, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघतो आणि जुळलं नाही की बोंब मारतो.

बोंब मारत नव्हता, हेच तर दुखणं होतं.

सर्किट लिफ्टचं होतं. दारात कोणी असेल तर दार लागता कामा नये, एवढं साधं. संध्याकाळी ते कारखान्याकडे जायचं होतं आणि माझ्या सहीशिवाय जाणार नव्हतं. स्क्रीन सकाळपासून हिरवीगार. मी दारात माणूस उभा केला, पिशवी ठेवली, मध्येच लाईट घालवून परत आणली. पास, पास, पास. जो माणूस फ्रिजचं दार रोज उघडं टाकतो, त्याच्या लिफ्टचं दार एकदाही चुकू नये? मला पटेना, आणि चूक काही सापडेना.

"सही कर ना आता," समोरच्या टेबलावरून तो म्हणाला. "कितीही नाक मुरडलंस तरी काही निघणार नाही."

"गप रे."

"मागची चिपही अशीच पास झाली होती. आई अजून सगळ्यांना सांगते."

मागची चिप आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये बसली होती. सासूबाई प्रत्येक पाहुण्याला लिफ्टपाशी थांबवून ऐकवायच्या, 'लेकाने केली, सुनेने तपासली.' मला अगदी अवघडल्यासारखं व्हायचं.

सहीसाठी साहेबांचा पुन्हा निरोप आला आणि माझं डोकंच फिरलं. चिडून मी टेस्टबेंचमधून नवऱ्याचं अख्खं सर्किट काढून टाकलं. तारा नुसत्या लोंबकळत सोडल्या. म्हटलं, आता तरी बोंबल मेल्या!

पास, पास, पास.

तपासायला समोर काही नव्हतंच, तरी माझा प्रोग्राम खुशाल मान डोलावत होता.

कारण दिसायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटरवरच्या तारेत शून्य असतं, एक असतं, नाहीतर 'माहीत नाही' असतं. मी तुलनेचं साधं चिन्ह वापरलं होतं. 'माहीत नाही' समोर आलं की त्या चिन्हाला 'चूक आहे' असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि मग माझा प्रोग्राम बोंब न मारता 'पास' म्हणून मोकळा होतो. त्यात '=' हे चिन्ह एकदा जास्त हवं होतं, बस. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ते चिन्ह घातलं, त्याचं सर्किट परत जोडलं, आणि स्क्रीन लाल झाली. लाईट जाऊन आली की दारात कोणी आहे की नाही, हे सर्किटला ठाऊकच नसायचं. तेव्हा आधी दार उघडंच ठेवायचं, ही ओळ लिहायला नवरा विसरला होता. खऱ्या लिफ्टमध्ये दार लागेल की थांबेल, हा सगळा नशिबाचा खेळ.

मी त्याला बोलावलं. तो वाकून लाल ओळी वाचू लागला. त्याला चिडवायची एवढी सोन्यासारखी संधी मी सोडून दिली.

"हा दाराचा भाग नवीन लिहिलास ना?" मी विचारलं.

"नाही गं. मागच्यातून जसाच्या तसा उचललाय." मग तोच दचकला. "आणि तुझा टेस्टबेंच?"

"तोही मागचाच."

त्याने तिथल्या तिथे घरी फोन लावला, स्पीकरवर.

"आई, लिफ्टने खाली जाऊ नकोस. आम्ही येईपर्यंत दुसऱ्या कोणालाही जाऊ देऊ नकोस."

"का रे? काय झालं?"

"दार बिघडलंय तिचं. म्हणजे, बिघडू शकतं."

सासूबाई हसल्या. "तुझं काय ऐकायचं? तू घाबरट आहेस पहिल्यापासून. सुनेकडे दे फोन. तपासली तिने आहे."

त्याने फोन माझ्यापुढे धरला.