शेवटच्या भट्टीतला रांजण

चीनच्या सम्राटाने गादी सोडल्याची बातमी जिंगदेझनला, चिनी मातीच्या भांड्यांच्या गावाला, होडीतून आली, तांदळाच्या पोत्यांबरोबर. त्याच दुपारी सरकारी भट्ट्यांचे साहेब बायकामुलांना घेऊन नदीवाटे पसार झाले. जाताजाता एवढंच म्हणाले, "भट्टी निवली की नेहमीसारखं करा."

नेहमीसारखं म्हणजे काय, हे यू शिगनइतकं कुणाला ठाऊक असणार! तो फोड्या होता. राजवाड्यासाठी भाजलेल्या भांड्यात कुठे जरा डाग निघाला, की साहेब खुर्चीतून पुकारायचे, "सम्राटांच्या योग्यतेचं नाही!" की पडला यूचा हातोडा. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाखेरीज कुणाच्या घरात दिसता कामा नये, म्हणून तुकडेसुद्धा खड्ड्यात पुरायचे. तीस वर्षं हेच काम, आणि वाईट एकदाही वाटलं नाही. बायको म्हणायची, "घरात एक वाटी फुटली तर मला केवढं बोलता हो!"

तिसऱ्या दिवशी भट्टीच्या तोंडावरच्या विटा काढल्या. चौघांनी मिळून कंबरेएवढा रांजण अंगणात आणून ठेवला. निळा ड्रॅगन ढगांतून वर निघाला होता. आता हा अंगण सोडून जातो की काय, असं वाटून एका हमालाने चक्क दोन पावलं मागे घेतली.

रंगवला होता म्हाताऱ्या तानने, डोळे पुरते जाण्याआधी. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. जन्मभरात असे अकरा रांजण आधी रंगवले, पण त्याचा एकही राजवाड्यापर्यंत पोचला नव्हता. आणखी एक रंगवणं आता होणार नव्हतं.

"बोल रे कसाया," तान म्हणाला, "हा तरी वाचला का?"

यूने रांजणाभोवती फेरी मारली. शेपटीखाली मोहरीएवढा काळा ठिपका होता.

"डाग आहे, तानकाका."

"मग मार की! मला काय, सवय आहे." म्हाताऱ्याने तोंड मात्र फिरवून घेतलं.

यूने हातोडा उचलला आणि पुकाऱ्याची वाट पाहत उभा राहिला. पुकारा येईना. खुर्ची रिकामी होती.

"अहो, थांबलात काय?" कुणीतरी म्हणालं.

"पुकाऱ्याशिवाय कसा मारू? आजवर मारलाय का कधी?"

"मग मी पुकारतो, त्यात काय!" भट्टीवाला चू पुढे झाला, घसा खाकरला. "सम्राटांच्या..." एवढं म्हणून तो गप्पच झाला. कुठल्या सम्राटांच्या? त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी मान वर करेना.

होडीवरची बातमी यूने ऐकली होती, जेवताना तिच्यावर गप्पा मारत चार घास जास्तच खाल्ले होते. ती खरी आत शिरली ती आत्ता. अडीचशे वर्षांहून जुनी गादी! तिच्या नुसत्या नावाने इथे, इतक्या लांब, त्याचा दंड उचलला जायचा आणि खाली यायचा. आज ते वाक्य पुरं करायलाही कुणी उरलं नव्हतं. देवा रे, केवढं मोठं काहीतरी कोसळलं हे, आणि आवाजसुद्धा नाही! हातोडा जमिनीवर टेकवून तो खाली बसला.

बसल्यावर ड्रॅगनचा चेहरा त्याच्या समोर आला. डाग शोधायचे सोडून तो पहिल्यांदाच नुसता बघत राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. डोळे भरून आले तरी त्याने पुसले नाहीत.

"पडला का रे हातोडा?" तानने विचारलं. "ऐकू नाही आलं."

"नाही पडणार, काका. इकडे या."

यूने म्हाताऱ्याचा हात धरून रांजणावर ठेवला. तानची बोटं खवल्यांवरून, नखांवरून सावकाश फिरली. भाजून निघालेलं स्वतःचं काम त्याच्या हाताला कधी लागलंच नव्हतं. फिरत फिरत बोटं शेपटीखाली आली आणि बारीकशा खरखरीवर अडली.

"हाच का तो डाग?"

"हाच."

"एवढासाच?" तान बराच वेळ त्यावर बोट घासत राहिला. "आणि माझे आधीचे अकरा? ते तरी फार बिघडले होते ना?"

खोटं बोलायची यूला फार इच्छा झाली.

"नाही, काका," तो म्हणाला. "त्यातले तीन याच्याहून चांगले होते."