टेबलाच्या पायाखालचे सहा कागद

मी एक जुनी नोंदवही आहे. पोलीस चौकीतली पक्की नोंदवही. आता रेकॉर्डच्या खोलीत अगदी खालच्या फळीवर पडून असते. पाठीची शिवण सुटली आहे, कोपरे उंदरांनी कुरतडले आहेत. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते एका संध्याकाळचे. मित्रांनो, त्या संध्याकाळी मी तोंडातून अक्षर न काढता खोटे बोलले.

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. चारशे पाने, जाड कापडी पाठ आणि पानापानावर छापील क्रमांक, म्हणजे कोणाला पान फाडायची सोय नको. बाइंडरने मला थोपटले आणि म्हणाला, "हिला वीस वर्षं मरण नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

चौकीतली सुरुवातीची वर्षे धामधुमीची गेली. आमचा लेखनिक नाकासमोर चालणारा माणूस. सायकल चोरीला गेली म्हणून कोणी येवो, की पोपट उडाला म्हणून, तो चष्मा पुसायचा आणि लिहून घ्यायचा. तो पोपट अजून माझ्या पोटात आहे. पण दरवर्षी शहरांची एक यादी निघायची, कुठे गुन्हे जास्त आणि कुठे कमी. ती आमच्यासारख्या वह्यांतल्या नोंदी मोजूनच बनायची. सगळे लिहून घेणारे आमचे शहर त्या यादीत बदनाम ठरायचे. जिथे लोक चौकीची पायरीच चढत नसत, ती शहरे मात्र धुतल्या तांदळासारखी स्वच्छ.

मग नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चाळले आणि म्हणाले, "आकडा खाली आला पाहिजे."

"म्हणजे गुन्हे कमी करायचे ना, साहेब?" लेखनिकाने विचारले.

"मी आकडा म्हणालो."

त्या दिवसापासून तक्रार आधी सुट्या कागदावर घ्यायची आणि साहेबांनी होकार दिला तरच माझ्यात उतरवायची, अशी पद्धत पडली. होकार क्वचितच यायचा. बाकीचे कागद टाकून देण्याचा हुकूम होता. पण लिहिलेला कागद टाकायला लेखनिकाचा हात धजेना. आमच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि लिहिताना टेबल डुगडुगायचे. त्याने पहिल्या कागदाची घडी घातली आणि ती त्या पायाखाली सरकवली.

तो कागद एका नर्सचा होता. छापखान्यामागच्या गल्लीत, वळणावर, संध्याकाळी सातच्या सुमारास कोणीतरी तिचा हात धरून तिला ओढले होते. काही दिवसांनी एक शिक्षिका आली. तीच गल्ली, तेच वळण. मग शिवणकाम करणारी एक बाई आली, दंडावर वळ घेऊन. इतर तक्रारींचे कागद तो खणात कोंबायचा, पण दोन हिवाळ्यांत पायाखाली सहा कागद गेले आणि सहाही त्याच गल्लीचे होते. आता टेबल जागचे हलत नव्हते. लेखनिकाचे अक्षर इतके सुंदर पूर्वी कधी आले नव्हते.

त्या वर्षी यादी निघाली आणि आमचे शहर सर्वांत सुरक्षित ठरले. पेपरातले कात्रण भिंतीवर लागले. मला हातात धरून साहेबांनी फोटो काढून घेतला. खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले.

आणि मग ती संध्याकाळ आली. साडेपाचला कोपऱ्यावरचे घड्याळजी चौकीत आले. तेच कात्रण त्यांच्या खिशात घडी घालून ठेवलेले होते.

"साहेब, माझी एकच पोर आहे," ते म्हणाले. "आजपासून भिंगांच्या कारखान्यात लागली. सातला सुटते, सव्वासातची बस शेवटची. मोठ्या रस्त्यानं गेली तर बस चुकते. छापखान्यामागून गेली तर मिळते. पेपरात आपला पहिला नंबर आहे खरा, पण बापाचा जीव आहे. तुम्ही ती वाट नको म्हणालात, तर दुकान बंद करून मीच आणायला जातो."

साहेब हसले. त्यांनी मला उघडून घड्याळजींपुढे सरकवले. "काका, तुम्हीच बघा. दोन वर्षांत त्या गल्लीची एक तरी नोंद आहे का?"

घड्याळजींनी डोळ्यावरचे भिंग सारखे करून माझे एकेक पान उलटले. बारीक चक्रे तपासायची सवय असलेला माणूस तो, कसून बघत होता. त्या गल्लीपुरती मी कोरी होते. मला ओरडावेसे वाटले, पण वहीला लिहिल्याशिवाय वाचा नसते. लेखनिकाने मान वर केली नाही.

"मग घोर मिटला," घड्याळजी म्हणाले आणि दुकानाकडे परतले.

सव्वासहाला साहेब गेले. लेखनिक एका जागी बसून होता. पेन उघडायचा, बंद करायचा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, मग खाली त्या पायाकडे. साडेसहा झाले. बाहेर काळोख दाटला. पावणेसातला तो एकदम उठला, एका हाताने टेबल उचलले आणि सहाही कागद ओढून काढले. टेबल खडकन एका बाजूला कलले. दारावरच्या शिपायाला हाक मारून तो पळत सुटला. इतक्या वर्षांत मला उघडी टाकून तो पहिल्यांदाच गेला.

मी एकटीच होते. सात वाजले. सात वाजून पाच मिनिटे झाली. वाऱ्याने माझी पाने फडफडली, टेबल डुगडुगले, पेन घरंगळून खाली पडले. सव्वासात झाले. दूर बसचा भोंगा वाजला आणि लांब जात जात विरून गेला. रस्त्यावर पावले वाजली, की मला वाटे आले. पण ती पुढे निघून जात. मी आयुष्यात इतकी कधीच घाबरले नव्हते.

साडेसातला ते आले. मुलगी पायांनी चालत होती, हे मी आधी पाहिले. एका पायात चप्पल नव्हती आणि कोपर सोलवटले होते. लेखनिकाच्या चष्म्याची एक काच फुटली होती. शिपायाने एका माणसाचा दंड घट्ट धरला होता. त्या माणसाला त्याने आतल्या खोलीत नेऊन कोंडले.

निरोप मिळताच घड्याळजी धापा टाकत आले. मुलीला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिले. मग लेखनिकाकडे वळले.

"वहीत तर काहीच नव्हतं."

"वहीत नव्हतं," लेखनिक म्हणाला. "टेबलाखाली होतं."

त्याने सहा कागद पुढे ठेवले. घड्याळजी एकेक वाचू लागले. तिसऱ्या कागदाशी ते थांबले.

"ही तर माझ्या शेजारच्या दुकानातली, शिवणकामवाली. रोज आमची भिंतीला भिंत. बोलली नाही कधी."

"बाबा, तुम्ही तिला विचारलं होतं?" मुलीने हळूच म्हटले.

घड्याळजींनी पेपरला विचारले होते, साहेबांना विचारले होते. त्या गल्लीतून रोज ये-जा करणारी बाई हाताच्या अंतरावर होती आणि तिला विचारायचे राहून गेले होते.

लेखनिकाने मला समोर ओढले आणि तारखा घालून त्या सहा नोंदी माझ्यात उतरवू लागला. सातवी मुलीची. टेबल हलत होते, एका काचेने दिसत नव्हते, अक्षर वाकडेतिकडे येत होते. तेव्हा घड्याळजी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभे राहिले, सातवी नोंद पुरी होईपर्यंत.

त्यानंतर लेखनिक साहेबांना न विचारता येईल ती तक्रार थेट माझ्यात लिहू लागला. पुढच्या यादीत आमचे शहर तेविसावे आले. पेपरात हळहळ झाली. साहेबांनी चौकी सोडून जाता जाता लेखनिकाची बदली भांडारात केली, आणि मी भरून इथे आले. त्या वर्षी गल्लीच्या वळणावर दोन दिवे लागले. ज्या वर्षी नंबर पहिला होता, त्या वर्षी तिथे काळोख होता.

मित्रांनो, वह्या जपा, असे मी सांगायला हवे. पण मला जपून काय करणार? यादी जरूर वाचा. फक्त आपले माणूस एखाद्या वाटेने पाठवण्याआधी, त्या वाटेने रोज जाणाऱ्या कोणाला तरी विचारा. आणि कधी माझे कोरे पान दिसले, तर वाकून टेबलाखालीही बघा. माझ्यातल्या त्या सात नोंदी वाकड्या आहेत, एका कोपऱ्यात घड्याळजींच्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे. चारशे पानांतले तेवढे एकच पान कोणी उघडले, तर मला लाज वाटणार नाही.