आधी साधी, मग औषधाची

पत्र चार ओळींचं होतं. आमचं औषध दिलेल्या मेंढ्यांची हाडं दुसऱ्या प्रयोगशाळेने मोडून पाहिली होती, आणि साध्या मेंढ्यांच्या हाडांहून ती तसूभरही मजबूत निघाली नव्हती. खाली ‘शुभेच्छा’. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून मी हे काम केलं होतं. माझ्या मशीनवर औषधाची हाडं पंचवीस टक्के जास्त भार घेत होती. हे कुठले दीडशहाणे आले?

“हात बसलेला नाही त्यांचा,” मी पानेवाल्यांना म्हणाले. आमचं मशीन सांभाळणारे हे गृहस्थ खिशात कायम पाना घेऊन फिरतात, म्हणून हे नाव. ते नुसतेच हं म्हणाले.

प्रश्न नुसता माझ्या नाकाचा नव्हता. माझी ताई या औषधाची वाट पाहत होती. तिची हाडं ठिसूळ झाली आहेत. खिडकीची कडी ओढताना मनगट मोडलं होतं. डॉक्टर नेहमीचं इंजेक्शन सुरू करू म्हणाले, तेव्हा मीच आडवी आले. “थांब ताई. ते घेतलंस तर आमच्या चाचणीत तुला घेणार नाहीत. आमचं येतंयच.” ती थांबली. त्याला चौदा महिने झाले. गेल्या महिन्यात बादली उचलताना तिच्या पाठीचा एक मणका दबला, तरी ती म्हणाली, “आता थोडंच राहिलंय ना?” मी हो म्हणाले होते.

दोन आठवडे मी मशीनवर खापर फोडलं. भार मोजणारा भाग बदलून घेतला, तो विकणाऱ्याशी फोनवर कडाकडा भांडले. नवा भागही तेच आकडे दाखवू लागला. शेवटी फ्रीझरमध्ये राखून ठेवलेली चोवीस हाडं होती, त्यातली बारा काढली आणि पानेवाल्यांना म्हटलं, “मी करते तसं सगळं करते. तुम्ही बघा आणि वेळ लिहा.”

ओल्या फडक्यांतून हाडं सोडवली. सगळ्यांची जाडी मोजली. ताटात मांडली, डावीकडे साधी, उजवीकडे औषधाची. मग साधी मोडायला घेतली. ही माझीच पद्धत. पहिल्या चार-पाच हाडांवर हात बसतो, तोवर चूकभूल व्हायची ती साध्यांवर होऊ दे, औषधाची मोलाची. ‘आधी साधी, मग औषधाची’ हे मी विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलं आहे.

उजवीकडचं शेवटचं हाड मोडलं तेव्हा पानेवाल्यांनी कागद पुढे केला. “मॅडम, हे दोन तास चाळीस मिनिटं उघडं होतं.”

मी तुकडा हातात घेतला. पांढराफटक, कोरडा. वाळलेलं हाड ताठ होतं, जास्त भार घेतं आणि न वाकता काडकन तुटतं. म्हणून तर ते मिठाच्या पाण्यातल्या फडक्यात ठेवायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे मी शिकवते. मी!

“मागे बोललो होतो मी,” पानेवाले हळूच म्हणाले. “उजवीकडची कडक वाजतात म्हणून.”

बोलले होते. आणि मी ऐटीत म्हणाले होते, “औषध आहे ते!” त्याच संध्याकाळी ताईच्या टेबलावर चमचा आपटून तो आवाज तिला ऐकवलाही होता.

तरी माझा हट्ट जाईना. दुसऱ्या दिवशी उरलेली बारा काढली आणि उलट्या क्रमाने मोडली. आधी औषधाची, मग साधी. या वेळी साधी हाडं मजबूत ठरली. मला हसू आलं, मग पानेवाल्यांकडून घेतलेला पाना मी भिंतीवर भिरकावला. पानेवाल्यांनी तो उचलला, पुसला आणि खिशात ठेवला.

दुपारी ताईकडे गेले. ती मटार सोलत बसली होती, पाठीमागे दोन उशा.

“ताई, औषधात काही नाही.”

“म्हणजे, अजून उशीर?”

“उशीर नाही गं. काहीच नाही. हाडं वाळली होती, मला वाटलं मजबूत झाली. माझी चूक.”

“मग तो आवाज? चमच्याचा?”

“वाळल्याचा होता.”

ती शेंग हातात धरून बसली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडायला मी तयारच होते.

“पाठीत कळ आली की मी तुझ्या भावजींना सांगायचे,” ती म्हणाली, “धाकटी आणतेय म्हणून.” मग तिने मटारचं भांडं बाजूला सारलं. “दवाखान्यात फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर.”

मी लावला. पलीकडच्या बाईंनी ताईची फाइल शोधली. मला कागदांची सळसळ ऐकू येत होती.

“अहो, यांना मागच्या वर्षीच इंजेक्शन सुरू करायला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस का नाही आल्या?”

ताई माझ्याकडे बघत होती.

“येणार होती,” मी म्हणाले. “मी थांबवलं तिला.”