आढीच्या दोन कथा

"मीही येतो आज," असं म्हणत नानांनी चपला पायात सरकवल्या आणि ऋजुता उंबऱ्यातच थांबली.

वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा कथावाचन व्हायचं. रीत ठरलेली होती. दोन कथा, लेखकांची नावं झाकलेली. कॉलेजात शिकवणारी स्वानंदी दोन्ही वाचायची, मध्ये चहा, आणि शेवटी वाचनालयाच्या वार्षिक अंकाचे संपादक महिपतराव सुर्वे दोन्हींचा सूर आणि नजर ताडून बघायचे. नाव सांगायचं की नाही, हे लेखकाच्या मर्जीवर. ऋजुताचे वडील, नाना, पूर्वी नेमानं यायचे. पण दोन हजार दोनच्या मे महिन्यात तिची आई, कमलाबाई, गेली, आणि पावसाळा सरून ऑक्टोबर आला तरी नाना माडीकडे फिरकले नव्हते. त्या भरवशावरच ऋजुतानं आपली कथा स्वानंदीच्या हाती दिली होती.

आईच्या शेवटच्या दुपारची कथा. मागच्या पडवीत पिकायला घातलेली आंब्यांची आढी, माजघरात आई, आणि मधल्या दारात मुलगी. बाप पेंढ्यात बसून एकेक आंबा उलथतोय, डागी निघाला की बाजूला टाकतोय. मुलीला आईचा चेहरा दिसतो आणि बापाची पाठ. आई जाते. बाप वळत नाही. कथा तिथेच संपायची.

आज नेमकी तीच वाचली जाणार होती.

"बोलत का नाहीस गो?" वाटेत नानांनी विचारलं.

"डोकं दुखतंय. परत फिरू या का?"

"चहा मिळेल तिथे," नाना म्हणाले आणि चालत राहिले.

माडीवर महिपतरावांनी त्यांना बघताच हात पसरले. "या, गोपाळराव! तुम्ही मास्तर आला नाहीत, तर माझ्या चुका काढायलाही कोणी नव्हतं."

"म्हणून त्या वाढल्या असतील," नाना म्हणाले, आणि लोक हसले. ऋजुता भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. नाना तिच्या पुढच्या रांगेत. म्हणजे इथेही तिला पाठच दिसणार होती.

स्वानंदीनं पहिली कथा सुरू केली. 'माझ्या बायकोला आंब्यातलं काही कळत नसे, आणि ते तिनं मला लग्नानंतर वीस वर्षं कळू दिलं नाही.' हशा पिकला. आंब्याच्या वासानं शिंकणारी, तरी 'यंदा सोनं पिकलंय' म्हणून पाहुण्यांपुढे फुशारक्या मारणारी बायको. ऋजुतानं नानांच्या पाठीकडे पाहिलं. शिंकणारी ती आईच होती. पुढे कथेत बायको अंथरुणाला खिळते. नवरा उशाशी बसलेला. ती म्हणते, 'आढी उलथून या. आंबा थांबायचा नाही, मी थांबते.' नवरा पडवीत जातो आणि आंब्यांशी भांडत बसतो. ती थांबत नाही. 'शब्दाची पक्की म्हणून आयुष्यभर मिरवली,' नवरा शेवटी म्हणतो, 'आणि एकदाच फसवलं.'

कोणीतरी नाक ओढलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

म्हणजे आईनंच पाठवलं होतं त्यांना. ऋजुता दारात येऊन उभी राहण्याआधी. आपल्याला हे ठाऊक नव्हतं, आणि न विचारता आपण लिहून मोकळे झालो.

चहा आला तसं तिनं स्वानंदीला जिन्यापाशी गाठलं. "माझी वाचू नकोस."

"अगं, आता? महिपतरावांनी दोन्ही वाचून टिपणं काढलीत. वाचली नाही तर ते 'का' म्हणून सगळ्यांसमोर विचारतील. तू उठून सांगणार आहेस?"

उठून सांगायचं म्हणजे नानांसमोर सांगायचं. ती जागेवर येऊन बसली. कपातला चहा तसाच राहिला.

दुसरी कथा वाचताना माडीवर कोणी हललं नाही. पहिल्याच परिच्छेदात पडवी आली, पेंढा आला. नानांचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला. ऋजुता त्यांच्या मानेकडे बघत राहिली. आत्ता वळतील, असं वाटे; मग वाटे, वळले तर आपण कुठे बघायचं?

महिपतराव उठले. "आढी दोन्हींत एकच, कोकणात काय, आढ्या पैशाला पासरी. पण पहिलीत सांगतो नवरा, आणि सारखा हसवतो. माणूस इतकं हसवतो तेव्हा त्याला काहीतरी बघायचं नसतं. दुसरीत हसू नावाला नाही. दारातून दिसतं तेवढंच सांगितलंय, आणि त्या बापाला सबंध कथेत एक अक्षर बोलू दिलेलं नाही. फाशी दिलीय, बाजू न ऐकता!"

"दारात उभं राहिल्यावर पाठच दिसणार, महिपत," नाना बसल्या जागेवरून म्हणाले. "तिनं दिसलं ते लिहिलं."

'तिनं' हा शब्द माडीभर ऐकू गेला. महिपतराव नानांकडे, मग मागे ऋजुताकडे बघत राहिले आणि चष्मा पुसायला लागले. "दोन्ही घेऊ वार्षिक अंकात," एवढंच ते म्हणाले.

परतताना नाना नेहमीपेक्षा हळू चालत होते. चढ सुरू झाला तेव्हा ऋजुतानं विचारलं, "आईनं खरंच पाठवलं होतं तुम्हाला?"

नाना चालत राहिले.

"कथेत पाठवलं," ते म्हणाले.

आपण लिहिलं ते चुकलं नव्हतं, हे कळून तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जिन्यापाशी उभी असल्यापासून तिला 'आढी उलथून या' हे वाक्य आईचं असायला हवं होतं.

"बदलू नका ते," ती म्हणाली.

"अंकात शेजारी शेजारी येतील दोन्ही. नावांसकट. गाव वाचील."

"वाचू दे. पण तुमची आधी लावायला सांगा."

"का गो?"

"माझी आधी वाचली, तर तुमच्या कथेला कोणी हसणार नाही."

नाना थांबले. दम लागला होता. "हसायला हवं," ते म्हणाले. "तिच्यावर लिहायचं आणि लोक हसले नाहीत, तर तिला आवडायचं नाही."