हिंगाचा खडा

सरोजिनी गेली तेव्हा तिच्या हातच्या काळ्या मसाल्याची अर्धी बरणी घरात राहिली. मी ती कपाटात ठेवली. कुणाला उघडू देत नव्हतो.

ती इथे आखातात एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. आमची जुईलीही तिथेच शिकते. त्या कॉलेजात सुदान, सोमालिया, नायजेरियाची काही काळी मुलं होती. ती कँटीनमध्ये टेबलाशी बसली की बाकीची मुलं उठून जात. शेवटी त्यांनी स्वतःचा क्लब काढला. त्याला कर्मचाऱ्यांपैकी कुणाची तरी सही लागत होती. कुणी देईना, तेव्हा सरोजिनीने दिली.

घरी येऊन म्हणाली, "मला बघायला आल्या तेव्हा तुमच्या आत्या म्हणाल्या होत्या ना, मुलगी काळी आहे? बघा, तोच रंग आज कामाला आला."

आणि स्वतःच हसत बसली.

दर वसंतात क्लबचं जेवण असे. असमा नावाची सुदानी मुलगी तळलेली वांगी शेंगदाण्याच्या कुटात कालवून आणायची. सरोजिनीने पहिल्यांदा खाल्ली आणि म्हणाली, "अगं, ही तर आमची भरली वांगी! नुसता मसाला विसरलीस." पुढच्या वर्षापासून मसाला आमच्या घरून जाऊ लागला. सगळी मुलं तिला काकू म्हणत. घर लांब असलेली मुलं सुट्टीतही क्लबच्या खोलीत येऊन तिच्याशी बोलत बसत.

यंदा जुईलीने मसाला मागितला.

"नाही," मी म्हणालो.

"बाबा, जस्ट दोन चमचे."

"नाही म्हटलं ना. संपला तर कुठून आणू?"

ती खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी असमाचा फोन आला. तिचा जन्म इथलाच, हिंदी शेजाऱ्यांकडून शिकलेली. "काका, काकू की कुर्सी खाली है. आप आइए."

मी गेलो. बरणी पिशवीत घेतली. द्यायची म्हणून नाही, घरी ठेवून जाववेना.

लायब्ररीमागची क्लबची छोटी खोली. खिडकीजवळ तिची खुर्ची. मला तिथेच बसवलं. ती रोज कुठे बसायची हे मी कधी पाहिलंच नव्हतं. असमाने वांगी वाढली. वांगी चांगली होती, दाणेही छान भाजलेले. पण सरोजिनी त्यात नव्हती. शेजारच्या उंच नायजेरियन पोराने एक घास खाल्ला आणि मान हलवली. "नो काकू," तो म्हणाला.

असमा म्हणाली, "काकू ने कहा था, अगले साल मसाला सिखाऊँगी."

मी पिशवीतून बरणी काढली आणि झाकण उघडलं. वास खोलीभर झाला. जुईली तोंड फिरवून उभी राहिली. मी तिच्या हातात चमचा दिला.

"घाल," म्हटलं. "पण थोडा ठेव. नमुना लागेल."

शुक्रवारी असमा नवा मसाला करायला आमच्या खैतान भागातल्या घरी आली. सरोजिनीचा खांदा दुखायचा, त्यामुळे खोबरं भाजायचं काम माझंच असे. तेवढं मला येत होतं. बाकीचं आम्ही बरणी हुंगून ठरवत होतो. धूर इतका झाला की खालचे रत्नागिरीचे नूरुद्दीनभाई वर आले.

"विश्वासराव, बंब बोलावू काय?"

"मसाला भाजतोय."

"मग बरा आहे. थोडा आमच्याकडेही पाठवा हां."

मी कढई उतरवायला गेलो, तर असमाने हात धरला. "नहीं काका. और काला."

"आई अजून थांबायची," जुईली म्हणाली.

थांबलो. दळून झाल्यावर चव पाहिली. जवळ आला होता. तिचा नव्हता.

उरलेला जुना मसाला जुईलीने त्या दिवशी घरी केलेल्या वांग्यांत घातला. बरणी धुवायला घेतली तेव्हा तळाशी हिंगाचा खडा वाजला. मसाल्याला कीड लागू नये म्हणून सरोजिनी तो दरवर्षी जुन्या बरणीतून नव्या मसाल्यात घालायची. मी तो काढला आणि नव्या मसाल्यात खोल दाबला. त्यातला अर्धा मसाला असमाबरोबर क्लबात गेला.

मी दुपारभर हात धुतले नाहीत.